गादी सोडायला शिकलेला देश

जयगावात आमची गाडी पाऊण तास अडकली होती. पश्चिम बंगालच्या टोकावरचं हे गाव म्हणजे हॉर्न, हातगाड्या, पत्र्याची दुकानं आणि त्या सगळ्यातून वाट काढणारी एखादी गाय. मग कागद तपासून झाले, पलीकडे भूतानच्या फुन्शोलिंगमध्ये पाऊल टाकलं आणि कुणीतरी आवाजाचं बटणच बंद केल्यासारखं झालं. रस्ता ओलांडायला आम्ही थांबलो, तर समोरची गाडीच थांबली. ड्रायव्हर हातानं 'जा' म्हणाला. आमच्यातल्या दोघांना ते खरंच वाटेना, ते तसेच कडेला उभे राहिले.

भिंतींच्या कोपऱ्यांवर लाल पिचकाऱ्या मात्र होत्या. तिथल्या पानाला दोमा म्हणतात. शिस्तीलाही कुठेतरी सुटी लागत असावी.

तिसऱ्या दिवशी थिंफूत, ट्रॅफिक सिग्नल नसलेल्या त्या राजधानीत, पांढरे हातमोजे घातलेल्या पोलिसाचे फोटो काढून झाल्यावर आम्ही मोमो खायला बसलो. सहलीतले एक निवृत्त बँक अधिकारी, ज्यांना सगळेच काका म्हणत, समाधानानं म्हणाले, "आपल्याकडे पण असा एक राजा पाहिजे. निवडणुका-बिवडणुका बंद. पाच वर्षांत सगळं सुतासारखं सरळ होईल." टेबलावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या तोंडात गरम मोमो होता, त्यामुळे मी गप्प राहिलो. भूतानहून परतलेल्या मराठी माणसाच्या तोंडून हे वाक्य मी त्यानंतरही बऱ्याचदा ऐकलं आहे. तेव्हा न दिलेलं उत्तर आता देतो.

काकांनी पाहिलं ते खोटं नव्हतं, हे आधी मान्य करू. भूतानचा कारभार चांगला आहे. ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनलच्या २०२४ च्या भ्रष्टाचार निर्देशांकात भूतानला १०० पैकी ७२ गुण आहेत (गुण जास्त, तितका कारभार स्वच्छ) आणि जगात १८ वा क्रमांक. भारत ३८ गुणांवर ९६ वा, नेपाळ ३४ गुणांवर १०७ वा. असे निर्देशांक म्हणजे काही वेदवाक्य नव्हे, पण एवढी तफावत नुसत्या मोजणीच्या चुकीनं पडत नाही.

याहून बोलका पुरावा लसीकरणाचा. २०२१ च्या सुरुवातीला भारतानं भूतानला साडेपाच लाख डोस भेट दिले. कोव्हिशिल्ड, आपल्या पुण्यातल्या सीरममध्ये तयार झालेली. पहिला हप्ता जानेवारीत पोहोचला. पण भूताननं घाई केली नाही. सगळ्या प्रौढांना पुरतील एवढे डोस हाती येईपर्यंत थांबले आणि ज्योतिषांनी काढून दिलेल्या मुहूर्तावर, २७ मार्चला, सुरुवात केली. पहिली लस तिथल्या पंचांगातल्या माकड-वर्षात जन्मलेल्या बाईला, माकड-वर्षात जन्मलेल्या बाईच्याच हातून. आपण यावर हसू. पण त्यानंतर साधारण दोन आठवड्यांत त्यांनी ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांना पहिला डोस दिला, डोंगरातल्या वाड्यांवर पायी जाऊन. मुहूर्त पाहणारं सरकार ढिसाळच असणार, हा आपला समज तिथे टिकत नाही.

तेव्हाचे पंतप्रधान लोते शेरिंग हे शल्यचिकित्सक. पंतप्रधान असतानाही ते शनिवारी रुग्णालयात जाऊन शस्त्रक्रिया करत. आणि पुढच्या निवडणुकीत, २०२३ च्या नोव्हेंबरात, मतदारांनी त्यांच्या पक्षाला पहिल्याच फेरीत घरी बसवलं.

काकांच्या चित्रात न बसणारी गोष्ट नेमकी हीच आहे. भूतानमध्ये निवडणुका होतात. नुसत्या होत नाहीत, त्यात सरकारं पडतात. २००८ मध्ये ड्रुक फुएन्सुम छोग्पा, म्हणजे डीपीटी, ४७ पैकी ४५ जागा घेऊन सत्तेवर आली. २०१३ मध्ये तिला घालवून शेरिंग तोबगे यांची पीपल्स डेमोक्रॅटिक पार्टी आली. २०१८ मध्ये तोबगेंचा पक्ष सत्तेत असून दुसऱ्या फेरीपर्यंतही पोहोचला नाही आणि लोते शेरिंग आले. २०२४ च्या जानेवारीत पुन्हा तोबगे. भूतानी मतदारानं आजवर एकाही सरकारला लागोपाठ दुसरी संधी दिलेली नाही. आपण ज्याला 'अँटी-इन्कम्बन्सी' म्हणून नाक मुरडतो, ती तिथे जवळजवळ रीतच झाली आहे. तरी देश हलला नाही, अधिकारी गोंधळले नाहीत, कुणी रिसॉर्टमध्ये जाऊन बसलं नाही.

रिसॉर्ट हा शब्द मुद्दाम वापरला. भूतानच्या राज्यघटनेत एक कलम आहे: राष्ट्रीय सभेच्या, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहाच्या, सदस्यांनी पक्षांतर करायचं नाही, एकट्यानं नाही आणि गटानंही नाही. 'गटानंही नाही' हे शब्द महाराष्ट्रातल्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नसावी. आपल्या दहाव्या अनुसूचीनं, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यानं, किरकोळ विक्री बंद केली आणि घाऊक चालू ठेवली; सुरत आणि गुवाहाटीचा रस्ता त्या फटीतून जातो. त्याच घटनेनुसार दोनदा झाल्यावर पंतप्रधानाला तिसऱ्यांदा होता येत नाही. निवडणुकीआधी सरकार पायउतार होतं आणि हंगामी सरकार कारभार पाहतं. पहिल्या फेरीत सगळे पक्ष, दुसऱ्या फेरीत वरचे फक्त दोन. त्या दोघांच्या प्रचाराला पैसा सरकारी. उमेदवाराला पदवी लागते, हे मला खटकतं. पदवी नसलेल्या शेतकऱ्यानं फक्त मतच द्यायचं, असा त्याचा अर्थ होतो. भिक्षूंना तर मतही नाही. पण या साऱ्या कलमांत एक धागा सारखा दिसतो: माणूस खुर्चीवर बसायच्या आधीच त्याच्या उठण्याची तजवीज.

राजासाठीसुद्धा. पासष्ट वर्षं झाली की राजानं गादी सोडायची, असं घटनाच सांगते. आणि संसदेचा ठराव व त्यामागून सार्वमत अशा वाटेनं त्याला त्याआधीही हटवता येतं.

ही घटना लोकांनी मोर्चे काढून मिळवलेली नाही, हे यातलं नवल. चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी १९९८ मध्ये रोजच्या कारभाराचे अधिकार मंत्रिमंडळाकडे दिले, २००१ मध्ये घटना लिहायला लावली आणि मग मसुदा घेऊन ते व युवराज जिल्ह्या-जिल्ह्यांत लोकांसमोर बसले. लोक म्हणत होते, हे नको, तुम्हीच राहा. जन्माच्या योगायोगावर देश कायमचा सोपवून चालणार नाही, असा राजाच्या म्हणण्याचा रोख होता. २००६ च्या डिसेंबरात, वयाच्या ५१ व्या वर्षी, त्यांनी गादी मुलाकडे दिली.

२००७ मध्ये लोकांना सवय व्हावी म्हणून सरावाची निवडणूक घेतली गेली. खोटे पक्ष चार, रंगांवरून नावं दिलेले: लाल, निळा, हिरवा, पिवळा. प्रत्येकाचा जाहीरनामाही तयार केलेला. ४७ पैकी ४६ जागा पिवळ्याला गेल्या. पिवळा हा राजाचा रंग. लोकशाहीची तालीम म्हणून लोकांना मत द्यायला सांगितलं आणि त्यांनी ते राजालाच दिलं! काका तिथे असते तर त्यांनीही पिवळ्यावरच शिक्का मारला असता.

पुढे काय झालं ते पाहण्यासारखं आहे. ४५ जागांच्या त्या पहिल्या सरकारसमोर विरोधी पक्षाचे सदस्य होते दोन. तोबगे आणि आणखी एक. सरकारनं संसदेला न विचारता गाड्यांवरचा कर वाढवला, तेव्हा हे दोघं न्यायालयात गेले. उच्च न्यायालयात जिंकले, आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं की संसदेशिवाय कर लावता येणार नाही. नव्या घटनेखालचा तो पहिला मोठा खटला. दोन वर्षांनी त्या दोघांपैकी एक पंतप्रधान झाला. त्याच सुमारास भ्रष्टाचारविरोधी आयोगानं भूखंडवाटपाच्या एका जुन्या प्रकरणात थेट सभापती आणि गृहमंत्र्यांना न्यायालयात उभं केलं आणि दोघं दोषी ठरले. हा आयोग पहिल्या निवडणुकीच्याही आधी स्थापन झालेला आहे. घर बांधायच्या आधी कुंपण घातलेलं.

म्हणजे काकांना जी स्वच्छता दिसली तिच्यामागे राजा आहे हे खरं, पण तो सत्ता सोडणारा राजा आहे. ज्याच्या मुठीत सगळं होतं त्यानं मूठ उघडली, आणि ती पुन्हा कुणाला सहज आवळता येऊ नये अशी व्यवस्था केली.

शेजारच्या नेपाळकडे पाहिलं की फरक जास्त कळतो. दोन्हीकडे २००८ हेच वर्ष. २४ मार्चला भूताननं राष्ट्रीय सभेसाठी पहिल्यांदा मतदान केलं. २८ मेला नेपाळनं राजेशाही रद्द केली. मनानं मी तेव्हा नेपाळच्या बाजूनं होतो. राजानं दिलेल्या लोकशाहीपेक्षा लोकांनी घेतलेली लोकशाही पक्की, असं वाटायचं. त्यानंतर २०२५ च्या सप्टेंबरात तरुणांच्या आंदोलनानं पंतप्रधान ओलींचं सरकार पाडेपर्यंत काठमांडूत सरकारं झाली चौदाच्या घरात, पण शेवटच्या दहा वर्षांत पंतप्रधानपदावर माणसं आली तीनच: ओली, प्रचंड, देउबा. एक उठला की दुसरा, दुसरा उठला की तिसरा, की पुन्हा पहिला. याला आपण अस्थिरता म्हणतो. मला तर ते अति-स्थैर्य वाटतं. सरकारं बदलत होती म्हणण्यापेक्षा तीच तीन माणसं आळीपाळीनं कूस बदलत होती. भूतानमध्ये सरकार पाच वर्षं टिकतं आणि मग खरोखर जातं.

आता भूतानचं गुणगान पुरे, कारण यात एक गाठ आहे.

तिच्याकडे वळण्याआधी दोन गोष्टी भरभर सांगतो. भूतानच्या स्वायत्ततेला भारताच्या सावलीची मर्यादा आहे. २०१३ च्या जुलैत दुसऱ्या फेरीचं मतदान तोंडावर असताना भारतानं स्वयंपाकाचा गॅस आणि रॉकेलवरची सवलत अचानक काढून घेतली. मावळते पंतप्रधान वर्षभरापूर्वी रिओत चीनच्या पंतप्रधानांना भेटले होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सिलिंडर महागलं आणि पहिल्या फेरीत पुढे असलेला पक्ष हरला. दुसरी गोष्ट, चांगला कारभार म्हणजे नोकरी नव्हे. २०२२ मध्ये तिथली युवा बेरोजगारी २८.६ टक्के होती. वीज विकून देशाला पैसा मिळतो, पण जलविद्युत प्रकल्पात पोरांना काम किती मिळणार? आमचा गाइड घो, म्हणजे तिथला पुरुषांचा पारंपरिक अंगरखा, घालून, किल्ल्यासारख्या झोंगची माहिती अस्खलित हिंदीत सांगायचा. जेवताना कळलं, भाऊ ऑस्ट्रेलियात पर्थला आहे, बायको इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करते आहे, व्हिसा झाला की हाही जाणार. "सर, इथं सगळं चांगलं आहे," तो म्हणाला, "फक्त करायला काही नाही." २०१७ च्या जनगणनेत भूतानची लोकसंख्या ७ लाख २७ हजार भरली. आपल्या सिंधुदुर्गात २०११ मध्ये याहून जास्त माणसं होती. एवढ्याशा देशातून शिक्षक, परिचारिका, सरकारी नोकर रांगेनं ऑस्ट्रेलियाला निघाले की वर्ग आणि वॉर्ड ओस पडायला वेळ लागत नाही.

आता गाठ. दक्षिण भूतानच्या डोंगरपायथ्याच्या पट्ट्यात, सामत्से, चिरांग, सरपांग या जिल्ह्यांत, नेपाळी बोलणारे हिंदू शेतकरी कित्येक पिढ्या राहत होते. त्यांना ल्होत्शाम्पा म्हणतात, म्हणजे दक्षिणेकडचे. १९७५ मध्ये सिक्कीम भारतात विलीन झालं. तिथं नेपाळी भाषकांचं बहुमत होतं, आणि थिंफूच्या दरबारानं त्यातून एक धास्ती घेतली. १९८५ मध्ये नागरिकत्वाचा नवा कायदा आला, १९८८ मध्ये दक्षिणेत जनगणना झाली. नागरिक असल्याचा पुरावा काय, तर १९५८ साली तुम्ही देशात राहत होता याचा कागद. कित्येक घरांत शेतसाऱ्याच्या जुन्या पावत्या जपून ठेवलेल्या होत्या, पण त्या १९५७ च्या किंवा १९५९ च्या असल्या तर चालत नव्हत्या. नेमकी १९५८ चीच हवी. सातबारा, फेरफार आणि रेशनकार्ड यांच्यात आयुष्य गेलेल्या आपल्यासारख्यांना त्या पावतीचं वजन कळायला हरकत नाही. माणसांची एफ-१ (अस्सल नागरिक) ते एफ-७ (परके) अशी वर्गवारी झाली. एकाच घरात नवरा एका खान्यात, बायको दुसऱ्या. मग ड्रिगलाम नामझा, म्हणजे उत्तरेकडचा पोशाख आणि रीतिरिवाज, सगळ्यांवर सक्तीचा झाला. शाळांतून नेपाळी गेली. १९९० मध्ये निदर्शनं झाली, ती दडपली गेली, आणि पुढच्या काही वर्षांत एक लाखाच्या आसपास माणसं नेपाळच्या झापा व मोरंगमधल्या छावण्यांत जाऊन पडली. आपण आपल्या खुशीनं देश सोडतो आहोत, अशा कागदांवर अनेकांच्या सह्या घेतल्या गेल्या. देशाच्या साधारण सहाव्या भागाएवढी माणसं.

तेव्हा भूतानमध्ये पक्ष नव्हते, खाजगी वर्तमानपत्र नव्हतं, दूरचित्रवाणीही नव्हती (ती १९९९ मध्ये आली). म्हणजे 'निवडणुका-बिवडणुका बंद' हा काकांचा आदर्श काळ तो हाच. आणि तेव्हा गादीवर कोण होतं? जिग्मे सिंग्ये वांगचुक. सकल राष्ट्रीय आनंदाची कल्पना जगापुढे मांडणारे, पुढे स्वतःहून सत्ता सोडणारे तेच राजे.

मला ही गोष्ट पचायला जड जाते. वाईट राजा आणि चांगला राजा अशी वाटणी असती तर किती सोयीचं झालं असतं. इथे माणूस एकच आहे. त्यानं केलेलं सर्वांत मोठं काम आणि त्याच्या राजवटीतला सर्वांत मोठा अन्याय यांत वीस वर्षांचंही अंतर नाही. फरक एवढाच की १९९० मध्ये त्याला अडवणारं, विचारणारं, न्यायालयात खेचणारं कुणी नव्हतं. 'चांगला राजा मिळाला तर' हे वाक्य त्यामुळेच मला घाबरवतं. मिळाला होता की. अगदी नमुनेदार मिळाला होता.

कुणी म्हणेल, घटना आली, प्रश्न मिटला. मिटलेला नाही. तिसाहून अधिक राजकीय कैदी अजून तुरुंगात होते, असं ह्यूमन राइट्स वॉचनं २०२३ मध्ये मोजलं. चार निवडणुका झाल्या, चार वेळा सत्ता सुरळीत हाती गेली, पण यातल्या कुठल्याही सरकारनं तो विषय मनावर घेतला नाही. ज्यांना मतच उरलं नाही त्यांच्यासाठी मतपेटीत कोण हरणार? रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्सच्या वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या यादीत भूतान २०२२ मध्ये ३३ वा होता, २०२४ मध्ये १४७ वा. तिथे पत्रकारांना कुणी बेड्या ठोकत नाही. एवढ्या छोट्या देशात संपादकाचा मेहुणा सचिव असतो आणि जाहिरात सरकारचीच असते, तेवढ्यानं काम भागतं. तालुक्याच्या गावात वर्तमानपत्र चालवलेल्या माणसाला यात नवीन काही वाटणार नाही.

आणि आता गेलेफू. १७ डिसेंबर २०२३ ला सध्याच्या राजांनी तिथे एक नवं शहर उभारण्याची घोषणा केली. आसामच्या सीमेवर, मुंबईहून मोठ्या जागेवर, स्वतःचे कायदे असणारा वेगळा प्रशासकीय प्रदेश. पर्थला निघालेली पोरं परत यावीत, हा हेतू. कोक्राझारहून तिथवर रेल्वे न्यायचं भारतानं ठरवलं आहे. या नव्या शहराचे गव्हर्नर म्हणून नेमले गेले लोते शेरिंग, म्हणजे लोकांनी घरी पाठवलेले पंतप्रधान. सर्जन म्हणून, प्रशासक म्हणून त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण देशाच्या पुढच्या पन्नास वर्षांचा सर्वांत मोठा निर्णय संसदेच्या नेहमीच्या वादावादीच्या बाहेर, राजाज्ञेनं आकार घेतो आहे, याची मला चिंता वाटते. राजे लोकप्रिय आहेत, हेतू चांगला आहे, गुंतवणूकदारांना झटपट निर्णय हवे आहेत. सगळं कबूल. १९९० पूर्वीही राजे लोकप्रियच होते. गेलेफू सरपांग जिल्ह्यात येतं, आणि छावण्यांत गेलेल्यांपैकी कितीतरी जणांची शेती याच जिल्ह्यात होती.

छावण्यांतली बहुतेक माणसं २००७ नंतर अमेरिकेत आणि इतर काही देशांत वसवली गेली. २०२५ च्या मार्चपासून अमेरिकेनं त्यांच्यातल्या काहींना, शिक्षा भोगून झालेल्यांना, हद्दपार करून विमानानं भूतानला पाठवायला सुरुवात केली. काहींचा जन्म नेपाळच्या छावणीतलाच, भूतान त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. पारोच्या विमानतळावर त्यांना उतरवून घेतलं, चौकशी केली आणि गाडीत बसवून फुन्शोलिंगला आणलं. तिथून त्यांना जयगावच्या बाजूला सोडून देण्यात आलं. पुढे त्यांच्यातले काहीजण वाट काढत नेपाळमध्ये पोहोचले आणि तिथे बेकायदा प्रवेशाबद्दल पकडले गेले.

आमचे सगळ्यांचे ग्रुप फोटो त्याच सीमेवरच्या कमानीसमोर काढलेले आहेत.